एकरी मात्रा, दहा लिटर पाणी : ड्रोनने फवारणी कशी करावी

ड्रोन घेऊन शेतावर गेल्यावर पहिला प्रश्न हमखास ठरलेला असतो : "भाऊ, पंपाला किती घालायचं?" पाठीवरच्या १५ लिटरच्या पंपाने आयुष्यभर फवारणी केलेल्या शेतकऱ्याला औषधाचा हिशोब पंपावरच येतो, आणि त्यात त्याची काही चूक नाही, कारण दुकानदारही त्याला तसेच सांगतो. परंतु ड्रोनच्या फवारणीत जे बिघडते त्यातील बरेचसे याच प्रश्नापासून बिघडते. ड्रोनमुळे पाणी बदलते, औषधाची एकरी मात्रा बदलत नाही. हे एक वाक्य पक्के ध्यानात ठेवले तर पुढील सर्व पायऱ्यांचा अर्थ आपोआप लागत जातो. हे मार्गदर्शन प्रामुख्याने मराठवाडा आणि विदर्भातील सोयाबीन, तूर, कापूस व ऊस या पिकांच्या अनुभवावरून लिहिले आहे. स्वतः ड्रोन चालवणारे तरुण आणि भाड्याने ड्रोन बोलावणारे शेतकरी, अशा दोघांनाही ते उपयोगी पडावे.

कागदपत्रे

देशातील ड्रोनचा वापर ऑगस्ट २०२१ मध्ये लागू झालेल्या ड्रोन नियमांनुसार चालतो. दहा लिटर टाकीचा फवारणी ड्रोन भरलेल्या टाकीसह साधारणपणे २५ किलोच्या आत राहतो, म्हणून तो २ ते २५ किलोच्या 'लहान' वर्गात मोडतो. अशा ड्रोनला सरकारी ऑनलाइन नोंदणीतून मिळणारा स्वतंत्र ओळख क्रमांक हवा, चालवणाऱ्याकडे मान्यताप्राप्त संस्थेतून प्रशिक्षण घेऊन मिळवलेले रिमोट पायलट प्रमाणपत्र हवे, आणि त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीचा विमा हवा. प्रमाणपत्रासाठी वयाची १८ वर्षे पूर्ण आणि दहावी उत्तीर्ण असणे आवश्यक आहे. आपले शेत विमानतळाच्या परिसरात येत असेल तर उड्डाणापूर्वी नकाशावर विभाग तपासावा : हिरव्या विभागात वेगळी परवानगी लागत नाही, पिवळ्यात लागते, आणि लाल विभागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ड्रोन उडवताच येत नाही.

औषधांच्या बाबतीतही परवानगी पाहावी लागते. कीटकनाशकांच्या ड्रोन फवारणीची कार्यपद्धती केंद्रीय कृषी मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्ये जाहीर केली, आणि एप्रिल २०२२ मध्ये ४७७ नोंदणीकृत औषधांना ड्रोनने फवारण्यासाठी दोन वर्षांची अंतरिम मंजुरी मिळाली. अशा मंजुऱ्या मुदतीच्या असतात, त्यामुळे दर हंगामाच्या सुरुवातीला तालुका कृषी अधिकारी कार्यालयात जाऊन आपल्या पिकासाठी कोणती औषधे चालतात याची विचारणा करावी. ड्रोन भाड्याने बोलावणाऱ्या शेतकऱ्याने पायलटकडे प्रमाणपत्र मागण्यात संकोच करू नये. ट्रॅक्टर चालवणाऱ्याचा परवाना आपण विचारत नाही, पण येथे विषारी द्रावण शेजाऱ्याच्या बांधालगत हवेतून सोडले जाणार आहे.

आदल्या दिवशीची पाहणी

फवारणीच्या आदल्या दिवशी संपूर्ण शेत पायी फिरून पाहावे, आणि हे काम मोबाइलवरील नकाशावर भागवू नये. नकाशावर विजेची डीपी (ट्रान्सफॉर्मर) दिसते, पण डीपीपासून विहिरीच्या मोटारीपर्यंत बांबूवर ओढलेली केबल दिसत नाही. मागच्या वर्षी तोडलेली बाभूळ नकाशावर अजून उभी असते, आणि यंदा वाढलेली सुबाभूळ त्यावर नसते. विजेच्या तारांखाली व त्यांच्या दोन्ही बाजूंना पुरेसा पट्टा सोडून द्यावा आणि तो हातपंपाने फवारावा. तारेच्या जवळून ड्रोन नेऊन दाखवण्यात कोणतेही कौशल्य नाही.

बांधाच्या पलीकडे काय आहे, हे या पाहणीत सर्वांत महत्त्वाचे. महाराष्ट्रात शेतकऱ्याची सरासरी जमीनधारणा २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार १.३४ हेक्टर आहे, म्हणजे दोन-तीन एकरांच्या पट्ट्यांनंतर पीक बदलते आणि मालकही बदलतो. एका बाजूला सोयाबीन, दुसऱ्या बाजूला भाजीपाला आणि तिसरीकडे तुतीची बाग, असे चित्र मराठवाड्यात सर्रास दिसते. तुती असेल तर विशेष सावध राहावे. रेशीम अळी कीटकनाशकाच्या अत्यल्प अंशानेही मरते, आणि फवाऱ्याचे थेंब पडलेला पाला चार दिवसांनी खाऊ घातला तरी संपूर्ण बॅच हातची जाऊ शकते. तुतीपासून १०० मीटरच्या आत मी ड्रोनने कीटकनाशक फवारत नाही. वाऱ्याची दिशा तुतीकडे असेल तर त्या दिवशी त्या शिवारात कामच घेत नाही. मधमाश्यांच्या पेट्या, उघड्या विहिरी, शेततळी, गोठे, पाणवठे आणि शाळा यांचीही अशीच नोंद करावी.

हवाई फवारणीची सूचना लोकांना किमान २४ तास आधी देणे कीटकनाशक नियमांतच सांगितले आहे. ग्रामपंचायतीला लेखी कळवावे, गावाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकावे, आणि लगतच्या शेतकऱ्यांना प्रत्यक्ष भेटून किंवा फोन करून सांगावे. गटावरचा निरोप वाचला गेला असेल असे गृहीत धरू नये, कारण बांधावर शेळ्या चारणाऱ्या आजींकडे बहुधा तो फोनच नसतो.

मात्रेचा हिशोब

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. तुरीवरील शेंगा पोखरणाऱ्या अळीसाठी क्लोरँट्रानिलीप्रोल १८.५ टक्के एससी (औषधाचे बारीक कण तरंगते ठेवलेले दाट द्रव) या औषधाची मात्रा हेक्टरी १५० मिली, म्हणजे एकरी ६० मिली आहे. पाठीवरच्या पंपाने फवारताना एकरी सुमारे २०० लिटर पाणी धरले, तर हे प्रमाण १० लिटरला ३ मिली पडते. ड्रोनची टाकीही दहा लिटरचीच असते, आणि येथेच गोंधळ होतो. 'दहा लिटरला तीन मिली' हे पाठ असलेल्या माणसाने ड्रोनच्या टाकीत तीन मिली ओतले आणि ती टाकी एकरभर फिरली, तर त्या एकराला ६० ऐवजी ३ मिली औषध मिळते, म्हणजे विसावा हिस्सा. अळी मरत नाही. शिवाय अशा तोकड्या मात्रेतून वाचलेल्या अळ्यांच्या पुढच्या पिढ्या औषधाला दाद देईनाशा होण्याचा धोका वाढतो. शेतकरी मात्र 'ड्रोनची फवारणी काही कामाची नाही' असे म्हणून मोकळा होतो.

याच्या उलट चूकही होते. पाणी कमी म्हणून औषध दीडपट घालावे, असा सल्ला देणारे लोक गावोगाव भेटतात. तसे करण्याचे कोणतेही कारण नाही. लेबलवरील हेक्टरी मात्रा घ्यावी, तिला अडीचने भागावे, आलेला आकडा एकरी मात्रा म्हणून वहीत लिहावा आणि तेवढेच औषध तेवढ्या क्षेत्राच्या पाण्यात मिसळावे. शेत ३० गुंठे असेल तर पाणी आणि औषध दोन्ही पाऊणपट घ्यावे. टाकीत उरलेले द्रावण 'पुन्हा एक चक्कर' म्हणून त्याच पिकावर सोडू नये.

विद्राव्य खतांच्या बाबतीत हा हिशोब निराळा होतो, आणि त्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समान असलेले) हे खत पंपाने साधारण १ टक्का तीव्रतेने फवारले जाते. एकरी १ किलो खत १० लिटर पाण्यात विरघळवून ड्रोनने सोडले तर ती तीव्रता १० टक्के होते, आणि भर उन्हात कोवळ्या पानांच्या कडा करपतात. म्हणून ड्रोनने खत द्यायचे असल्यास मात्रा बरीच कमी ठेवावी, आधी दोन-तीन ओळींवर फवारून दोन दिवस थांबावे, आणि मगच बाकीचे शेत घ्यावे. कीटकनाशक आणि खत एकाच टाकीत एकत्र करण्याचा मोह टाळावा.

मिश्रण करण्याची रीत

ड्रोनच्या टाकीतील द्रावण पंपातील द्रावणापेक्षा सुमारे वीसपट तीव्र असते. २०० लिटर पाण्यात जी दोन औषधे गुण्यागोविंदाने नांदतात, ती १० लिटरमध्ये एकमेकांना फाडू शकतात. त्यामुळे दोन औषधे एकत्र करायचीच असतील तर आधी काचेच्या बाटलीत त्याच प्रमाणात थोडे मिश्रण तयार करून अर्धा तास ठेवावे. दूध नासल्यासारख्या गुठळ्या झाल्या, तळाशी साका बसला, वर तेलकट थर आला किंवा बाटली हाताला गरम लागली, तर ते मिश्रण टाकीत घालू नये.

मिश्रण थेट ड्रोनच्या टाकीत न करता बादलीत करावे. निम्मे स्वच्छ पाणी घ्यावे, त्यात दाणेदार किंवा भुकटी स्वरूपातील औषध आधी पूर्ण मिसळून घ्यावे, त्यानंतर एससी, मग ईसी (पाण्यात दुधाळ होणारे तेलकट) आणि शेवटी एसएल (पाण्यात पूर्ण विरघळणारे) प्रकारचे द्रव औषध घालावे, उरलेले पाणी ओतून लाकडी काठीने ढवळावे आणि बारीक जाळीतून गाळून टाकी भरावी. पाण्यात न विरघळता नुसत्या मिसळणाऱ्या भुकटीचे बारीक कण नोझलमध्ये अडकतात, म्हणून पर्याय असेल तेव्हा ड्रोनसाठी द्रव स्वरूपातील औषध निवडावे. पाणी गढूळ किंवा फार जड असेल तर ते वापरू नये. ओढ्याचे पाणी कितीही स्वच्छ दिसले तरी त्यात गाळ असतो आणि तो अर्ध्या तासात गाळणी बुजवतो.

वेग, उंची आणि सोडणी

एकरी दहा लिटर पाणी खरोखर एकरी दहा लिटरच पडते का, हे शेतावर जाण्याआधी मोजून पाहावे. हिशोब सोपा आहे. फवाऱ्याच्या पट्ट्याची परिणामकारक रुंदी ४ मीटर आणि ड्रोनचा वेग सेकंदाला ४ मीटर असेल, तर सेकंदाला १६ चौरस मीटर क्षेत्र होते. एकर म्हणजे ४०४७ चौरस मीटर, त्यामुळे एक एकर फवारण्यास सुमारे ४ मिनिटे १३ सेकंद लागतात (वळणांचा वेळ वेगळा). त्या वेळात दहा लिटर बाहेर पडायचे असेल तर चारही नोझलमधून मिळून मिनिटाला सुमारे २.४ लिटर, म्हणजे प्रत्येकी ६०० मिली पाणी यायला हवे.

हे तपासण्यासाठी पंखे काढून ठेवावेत, टाकीत साधे पाणी भरावे, प्रत्येक नोझलखाली मापाचे भांडे धरून पंप एक मिनिट चालू करावा आणि चारही भांड्यांतील पाणी एका रांगेत ठेवून पाहावे. एखाद्या भांड्यात इतरांपेक्षा दहा टक्क्यांहून अधिक कमी-जास्त पाणी आले तर ते नोझल उघडून मऊ ब्रशने स्वच्छ करावे, आणि तरीही फरक राहिला तर बदलावे. नोझलच्या भोकात तार किंवा टाचणी घालू नये. भोक किंचितही वाकडे झाले की फवाऱ्याचा पंख्यासारखा पसरणारा आकार तुटतो आणि शेतात औषधाचे पट्टे उमटतात. रोगट सोयाबीनमध्ये हिरव्या-पिवळ्या रेघा दिसतात त्या पुष्कळदा अशाच नोझलच्या असतात.

उंचीबाबत साधा नियम असा की पिकाच्या शेंड्यापासून सुमारे दोन मीटरवर ड्रोन ठेवावा. फार खाली आणल्यास पंख्यांच्या वाऱ्याने पीक लोळते आणि पट्टा अरुंद होतो, फार वर नेल्यास थेंब पिकापर्यंत पोहोचण्याआधीच उडून जातात. पंख्यांच्या खाली येणाऱ्या वाऱ्याचा खरा फायदा दाट पिकात दिसतो, कारण त्याने पाने हलतात, उलटतात आणि मधल्या थरापर्यंत काही थेंब जातात. किती जातात हे पाहण्यासाठी पाण्याचा थेंब पडताच पिवळ्याचा निळा होणारा कागद मिळतो. त्याचे तुकडे शेंड्यावर, मध्यभागी आणि बुंध्याजवळ पानांना टाचून साध्या पाण्याची एक फेरी मारावी. कीटकनाशकासाठी चौरस सेंटिमीटरला २० ते ३० थेंब चांगले समजले जातात, तर बुरशीनाशकाला ५० ते ७० लागतात. बुंध्याजवळच्या कागदावर तीन-चारच ठिपके आले तर वेग कमी करावा किंवा एकरी पाणी वाढवावे. हा कागद पहिल्यांदा वापरला तेव्हा, आपण दोन हंगाम 'छान फवारणी झाली' असे केवळ डोळ्यांच्या अंदाजावर म्हणत होतो, हे माझ्या लक्षात आले.

हवा

वाऱ्याचा वेग सेकंदाला ३ मीटरपेक्षा कमी, तापमान ३५ अंशांच्या खाली आणि हवेतील आर्द्रता ५० टक्क्यांहून जास्त, ही फवारणीची मर्यादा मानावी. खिशात मावणारे वेगमापक यंत्र मिळते आणि ते घ्यावेच. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये याचा अर्थ सकाळी साडेसहा ते दहा आणि सायंकाळी साडेचारनंतर, असा होतो. पीक फुलोऱ्यात असेल तर सायंकाळची वेळ निवडावी, कारण तोपर्यंत मधमाश्या परतलेल्या असतात. सकाळी दव फार असेल तर ते ओसरू द्यावे, नाहीतर औषध पानावरून ओघळून जाते.

वारा अगदी पडलेला असणे हीसुद्धा चांगली वेळ नव्हे, हे अनेकांना पटत नाही. सूर्य मावळताना जमीन लवकर थंड होते, तिच्यालगतची हवा गार आणि वरची हवा उबदार राहते, आणि त्यामुळे हवेचे वर-खाली होणे थांबते. अशा वेळी बारीक थेंब खाली बसत नाहीत आणि वरही जात नाहीत. ते एका थरात तरंगत राहतात, आणि हलकीशी झुळूक आली की एकदम दूरच्या शेतात जाऊन उतरतात. ओळखण्याची खूण घराघरांत आहे : सायंकाळी चुलीचा धूर सरळ वर न जाता गावावर चादरीसारखा आडवा पसरलेला दिसला की त्या दिवसाची फवारणी थांबवावी.

प्रत्यक्ष उड्डाण

उड्डाणाची जागा वाऱ्याच्या वरच्या अंगाला निवडावी, म्हणजे वारा पायलटच्या पाठीमागून शेताकडे वाहील. फवारणीला सुरुवात शेताच्या वाऱ्याखालच्या कडेपासून करावी आणि एकेक पट्टा वाऱ्याच्या दिशेकडे सरकत यावे, जेणेकरून फवारलेल्या भागात पुन्हा कोणाला उतरावे लागणार नाही आणि उडालेले थेंब आधी फवारलेल्या पिकावरच पडतील. शेताची हद्द चारही कोपऱ्यांवर प्रत्यक्ष उभे राहून नोंदवावी. ड्रोन नेहमी डोळ्यांसमोर राहिला पाहिजे, आणि लांबच्या कडेला एक मदतनीस ठेवावा ज्याचे काम फक्त माणसे, जनावरे व तारा यांवर लक्ष ठेवणे एवढेच असेल. त्याच्या हातात मोबाइलचा कॅमेरा देऊ नये. मुले ड्रोन पाहायला धावत येतात, त्यांना लांब, वाऱ्याच्या वरच्या बाजूला बसवावे आणि तेथेच बसायला लावावे.

बॅटरी अर्ध्यावर संपून ड्रोन परत आला की तो नेमका कोठून निघाला होता ते पुन्हा जुळवणे महत्त्वाचे असते. बहुतेक ड्रोन ती जागा लक्षात ठेवतात, तरी त्या ठिकाणी बांधावर एक खूण ठेवावी. सुटलेला पट्टा तीन दिवसांनी दुरूनही ओळखू येतो.

तणनाशके

तणनाशकाची चूक शेजाऱ्याच्या शेतात दिसते, आणि तिची भरपाई फार अवघड असते, म्हणून या भागावर मी जास्त वेळ घेतो आहे.

पहिली गोष्ट थेंबांची. कीटकनाशकासाठी बारीक थेंब चालतात, परंतु तणनाशकासाठी थेंब मोठे, २५० ते ४०० मायक्रॉनच्या आसपासचे असावेत. चकती फिरून फवारा करणाऱ्या नोझलमध्ये चकतीचा वेग कमी केला की थेंब मोठे होतात. साध्या नोझलच्या ड्रोनवर हवा मिसळणारी, कमी उडणारी नोझले बसवावीत. तणनाशकाच्या वेळी उंची आणि वेग दोन्ही कमी ठेवावेत.

दुसरी गोष्ट औषधाच्या निवडीची. ड्रोनला शोभणारी तणनाशके म्हणजे आंतरप्रवाही (पानातून शोषली जाऊन झाडभर पसरणारी), पिकासाठी शिफारस असलेली आणि निवडक काम करणारी. सोयाबीनमध्ये इमाझेथापीर १० टक्के एसएल हे एकरी ४०० मिली, पेरणीनंतर १५ ते २० दिवसांनी, तण दोन ते चार पानांवर असताना आणि जमिनीत चांगली ओल असताना फवारले जाते. तण टाचेएवढे झाल्यावर फवारून उपयोग नाही, आणि पावसाचा खंड पडून तण कोमेजलेले असताना तर मुळीच नाही. ज्या तणनाशकाचा थेंब जेथे पडेल तेवढाच भाग जळतो, अशा स्पर्शजन्य औषधाला एकरी दहा लिटर पाणी अपुरे पडते, म्हणून ते ड्रोनने फवारू नये. पेंडीमिथॅलिनसारखे उगवणीपूर्व तणनाशक जमिनीवर सलग पसरावे लागते. ढेकळांच्या रानात कमी पाण्याने ते साधत नाही, त्यामुळे ते काम मी ट्रॅक्टरच्या बूम स्प्रेअरवर किंवा पंपावर सोपवतो. ग्लायफोसेटचा वापर केंद्राच्या ऑक्टोबर २०२२ च्या अधिसूचनेने केवळ परवानाधारक कीड नियंत्रण चालकांपुरता मर्यादित केला आहे. बांधावरील तण मारण्यासाठी ते ड्रोनमध्ये भरून देण्याची मागणी आली तर स्पष्ट नकार द्यावा.

तिसरी गोष्ट २,४-डी या औषधाची. ऊस, ज्वारी, मका व गव्हातील रुंद पानांच्या तणांसाठी ते चालते, पण कापूस, द्राक्ष, टोमॅटो आणि भाजीपाल्याच्या अनेक पिकांना त्याचा वाराही सोसत नाही. पहिल्याच वर्षी माझ्याकडून झालेली चूक येथे सांगतो. शेजारच्या तालुक्यात उसावर २,४-डी फवारून आम्ही टाकी दोनदा साध्या पाण्याने विसळली आणि ती स्वच्छ झाली असे समजून दुसऱ्या दिवशी एका काकांच्या कापसावर मावा-तुडतुड्यांसाठी फवारणी केली. आठवड्याभराने त्यांचा फोन आला. रानात गेलो तर पहिल्या टाकीच्या पट्ट्यातील कापसाची नवी पाने भेंडीच्या पानासारखी लांबट, फाटलेली आणि शिरा वर आलेली निघाली होती, आणि दुसऱ्या टाकीपासून पुढे पीक हळूहळू चांगले होत गेले होते. दोष कोणाचा आहे हे त्या पट्ट्यांनीच रेघ ओढून दाखवले होते. काका ओरडले नाहीत. "आता यातलं किती सुधरंल?" एवढेच त्यांनी विचारले, आणि त्याचे ठाम उत्तर माझ्याकडे नव्हते. त्या पट्ट्याचे नुकसान आम्ही भरून दिले. तेव्हापासून तणनाशकाची टाकी, पाइप, गाळणी आणि नोझल यांचा संपूर्ण संच वेगळा ठेवला आहे, त्यावर लाल रंगाने 'तण' असे लिहिले आहे, आणि २,४-डी ड्रोनने फवारणे बंद केले आहे. ज्याला दोन संच परवडत नाहीत त्याने ड्रोनने तणनाशकाची कामेच घेऊ नयेत, असे माझे मत आहे.

बांधापलीकडे संवेदनशील पीक असेल तर वाऱ्याखालच्या बाजूचा किमान दहा मीटरचा पट्टा ड्रोनने सोडावा आणि तो पाठीवरच्या पंपाला हुड (नोझलभोवतीचे झाकण) लावून फवारावा.

ड्रोन कोठे वापरू नये

मांडवावरील द्राक्षबागेत भुरी व केवड्यासाठी पानाची खालची बाजू आणि घडाचा आतला भाग भिजावा लागतो. वरून येणारा फवारा तेथे पोहोचत नाही, आणि ब्लोअरला (मोठ्या पंख्याने फवारा मारणाऱ्या यंत्राला) अद्याप पर्याय नाही. उसावरील लोकरी मावा पानाच्या खालच्या बाजूस असतो, त्यामुळे तेथे आंतरप्रवाही औषधाशिवाय ड्रोनचा फारसा लाभ होत नाही. याउलट सहा महिन्यांचा ऊस, पुरुषभर वाढलेली तूर, पावसाने चिखल झालेले सोयाबीनचे रान आणि खाचरातले भात, येथे जेव्हा माणूस शिरूच शकत नाही तेव्हा ड्रोनचे मोल कळते.

कालवणाऱ्याचा जीव

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. डोक्याइतक्या वाढलेल्या कापसात उभे राहून, अंगावर फवारा घेत त्यांनी काम केले होते. ड्रोनने तो माणूस शेतातून बाहेर काढला, ही या यंत्राची माझ्या दृष्टीने सर्वांत मोठी देणगी आहे. पण विष शेतातून निघून बांधावरच्या बादलीपाशी आले आहे. वीसपट तीव्र द्रावण कालवणारा, टाकी भरणारा, गळती झाल्यावर हाताने झाकण आवळणारा मदतनीस आता सर्वाधिक धोक्यात असतो, आणि बहुधा तोच सर्वांत कमी मजुरीचा व सर्वांत कमी वयाचा असतो.

त्याला नायट्राइलचे लांब हातमोजे, गॉगल, मास्क, पूर्ण बाह्यांचे कपडे, प्लास्टिकचा एप्रन आणि गमबूट द्यावेत, आणि ते घातल्याशिवाय बादलीला हात लावू देऊ नये. कालवताना वाऱ्याकडे पाठ असावी. तंबाखू, विडी, चहा सर्व काही हात-तोंड साबणाने धुतल्यानंतर. डब्यावरील त्रिकोण लाल असेल तर ते औषध अतिविषारी असते, आणि पर्याय असताना ते निवडूच नये. डबा व त्यासोबतचे माहितीपत्रक काम संपेपर्यंत फेकू नये. मळमळ, घाम, अंधुक दिसणे, तोंडाला लाळ सुटणे यांपैकी काही जाणवले तर कपडे काढून अंग धुवावे आणि डब्यासह तत्काळ दवाखान्यात न्यावे, कारण उपचार औषधाच्या नावावर अवलंबून असतात.

बॅटरी व सफाई

लिथियम पॉलिमर बॅटरी पूर्ण उतरवू नये, उड्डाणानंतर गरम असताना चार्ज करू नये, आणि फुगलेली बॅटरी 'आजचा दिवस निघेल' म्हणून वापरू नये. चार्जिंग मोकळ्या जागेत, कडब्यापासून व गाडीच्या डिझेलपासून दूर, माणूस जवळ असताना करावे, आणि जवळ वाळूची बादली ठेवावी. हंगाम संपल्यावर बॅटऱ्या पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकाम्या ठेवू नयेत. अर्ध्याच्या आसपास चार्ज करून थंड जागी ठेवाव्यात.

टाकी रोज तीन वेळा धुवावी : पहिल्यांदा साध्या पाण्याने, दुसऱ्यांदा धुण्याच्या सोड्याच्या किंवा साबणाच्या पाण्याने पंप चालू ठेवून, आणि तिसऱ्यांदा पुन्हा साध्या पाण्याने. धुतलेले पाणी ओढ्यात किंवा विहिरीजवळ न सोडता फवारलेल्या शेतातच पसरावे. रिकामे डबे तीनदा विसळून ते पाणी त्याच टाकीत वापरावे आणि डब्यांना भोके पाडावीत. नाहीतर महिन्याभरात त्याच डब्यांत कोणीतरी तेल किंवा पिण्याचे पाणी भरून ठेवलेले दिसते.

वहीत तारीख, वेळ, गट क्रमांक, वाऱ्याचा वेग व दिशा, औषधाचे नाव, बॅच क्रमांक, एकरी मात्रा आणि पाणी यांची नोंद करून शेतकऱ्याची सही घ्यावी, आणि त्याची एक प्रत त्याला द्यावी. शेताच्या वाटेवर लाल कापड लावून, लेबलवर दिलेल्या मुदतीपर्यंत जनावरे व चारा कापणाऱ्या बायका तेथे शिरणार नाहीत याची व्यवस्था करावी.

तिसऱ्या दिवशी त्या शेतावर परत जावे. मधोमध नव्हे तर कडेला, वळणाच्या जागी आणि बॅटरी बदलली तेथे बसून, मीटरभर ओळीतील झाडे पोत्यावर झटकून जिवंत अळ्या मोजाव्यात. आकडा फवारणीच्या नोंदीशेजारीच लिहावा.